परदेशात क्रीडा कायद्याचं शिक्षण: कुठे जावं, आणि पुढे काम कुठे मिळतं?

वैदेही_क
नमस्कार मंडळी. धाकटी बहीण पुण्यात बीए एलएलबीच्या चौथ्या वर्षाला आहे. विनेश फोगाटचं प्रकरण क्रीडा लवादात, म्हणजे खेळातले वाद सोडवणाऱ्या आंतरराष्ट्रीय न्यायपीठाकडे, गेलं तेव्हापासून तिने क्रीडा कायदा मनावर घेतलाय आणि पदवी झाली की एलएलएमला बाहेर जायचं म्हणतेय. घरच्यांचे प्रश्न साधे आहेत. कुठला देश, कुठला अभ्यासक्रम? लगेच जावं की आधी इथे वकिली करावी? आणि मुख्य म्हणजे या पदवीवर पोट भरेल असं काम नक्की कुठे मिळतं? जाणकारांनी सविस्तर लिहा, धागा तिलाच वाचायला देणार आहे.

निवाडा
आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. क्रीडा कायदा नावाचा एकसंध कायदा कुठेच नाही. करार, लवाद, कामगार कायदा, स्पर्धा कायदा आणि बौद्धिक संपदा, यांना खेळाच्या नियमावल्यांची जोड दिली की क्रीडा कायदा होतो. त्यामुळे नुसतं "क्रीडा कायदा शिकायचाय" म्हणून विद्यापीठ निवडलं तर फसगत होते. लवादात काम करायचंय, फुटबॉलच्या बदल्या आणि करार करायचेत, उत्तेजकांची प्रकरणं चालवायचीत, की प्रायोजकत्व आणि प्रक्षेपण हक्क बघायचेत, हे आधी ठरवावं. प्रत्येक कामाचं ठिकाण वेगळं आहे. क्रीडा लवाद आणि आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती स्वित्झर्लंडमध्ये लॉसानला, फिफा झुरिकला, युरोपीय फुटबॉलची युएफा न्योंला, वाडा (जागतिक उत्तेजकविरोधी संस्था) माँट्रियलला, आयसीसी दुबईत, जागतिक बॅडमिंटन महासंघ क्वालालंपूरला आणि बीसीसीआय आपल्या मुंबईत.

दुसरं म्हणजे, लगेच जाऊ नये. सनद घ्यावी, बार कौन्सिलची परीक्षा द्यावी, दोन वर्षं एखाद्या लवादाचं काम करणाऱ्या वकिलाकडे काढावीत आणि मग जावं.

ट्रेंटकाठ
निवाडा, शेवटच्या मुद्द्याशी अर्धीच सहमत. सनद घेऊनच निघावं हे बरोबर, कारण इंग्लंडमध्ये सॉलिसिटर व्हायची परीक्षा देताना इतरांना दोन वर्षांच्या कामाचा अनुभव दाखवावा लागतो, तर दुसऱ्या देशात आधीच वकील असलेल्याला ही अट नाही. पण त्यासाठी दोन वर्षं थांबलंच पाहिजे असं नाही. शिक्षणानंतर तिथे राहून काम शोधायला आत्ता दोन वर्षं मिळतात, १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना १८ महिनेच मिळतील. ते संपल्यावर कंपनीने व्हिसा पुरस्कृत करायचा तर पगाराची साधारण अट वर्षाला ४१,७०० पाउंडांची आहे. नव्याने कामाला लागणाऱ्यांना थोडी सवलत असते, पण छोट्या क्लबच्या किंवा संघटनेच्या कायदा विभागात सुरुवातीला तेवढाही पगार मिळणं कठीण जातं. बहुतेकांची गाडी इथेच अडते.

अभ्यासक्रमांबद्दल: नॉटिंगहॅम ट्रेंटचं एलएलएम इन स्पोर्ट्स लॉ जुनं आणि चांगलं आहे. लेस्टरच्या डी माँटफोर्टमध्येही आहे. लंडनला किंग्ज कॉलेजमध्ये छोटा प्रमाणपत्र अभ्यासक्रम असायचा, तो या वर्षी चालू आहे का ते त्यांच्या संकेतस्थळावर बघून घ्या.

मिलवॉकीकर
अमेरिकेचं सांगतो. मिलवॉकीच्या मार्केट विद्यापीठाच्या लॉ स्कूलमध्ये १९८९ पासून नॅशनल स्पोर्ट्स लॉ इन्स्टिट्यूट आहे आणि परदेशी वकिलांसाठी क्रीडा कायद्याचं एलएलएमही. शिकवतात उत्तम, पण अमेरिकेत क्रीडा कायदा म्हणजे प्रामुख्याने व्यावसायिक लीग, खेळाडूंच्या संघटनांशी होणारे सामूहिक करार, मक्तेदारीविरोधी कायदा आणि महाविद्यालयीन खेळ. लॉसानमध्ये यातलं फारसं उपयोगी पडत नाही.

आता विद्यार्थी हमखास चुकतात ती जागा. न्यूयॉर्कची बार परीक्षा द्यायची असेल तर एलएलएममध्ये किमान २४ क्रेडिट लागतात आणि त्यातली १२ त्यांनी ठरवून दिलेल्या विषयांत हवीत: वकिलांची आचारसंहिता, कायदेशीर संशोधन आणि लेखन, अमेरिकन कायद्याची ओळख आणि बार परीक्षेला येणारे विषय. म्हणजे क्रीडा कायद्याचे आवडीचे विषय घ्यायला उरतात १२. पहिल्याच सत्रात सगळे खेळाचे विषय घेतले तर दुसऱ्या सत्रात हिशेब जुळत नाही आणि पदवी हातात असूनही परीक्षेला बसता येत नाही. शिक्षणानंतर काम करायची मुभा १२ महिन्यांची. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांना मिळते ती २४ महिन्यांची वाढ कायद्याला नाही.

हिशेबनीस
पैशांचं कोणी बोलत नाही म्हणून लिहितो. इंग्लंडच्या व्हिसाला शिकवणीच्या फीशिवाय नऊ महिन्यांचा राहण्याचा खर्च खात्यात दाखवावा लागतो आणि तो सलग २८ दिवस पडून असावा लागतो. एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तरी अर्ज फेटाळतात. मुदत ठेव मोडून पैसे भरायचे असतील तर ते २८ दिवस आधी धरूनच तारीख ठरवा. आरोग्य अधिभार विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६ पाउंड आहे, पण एका वर्षाच्या एलएलएमला व्हिसा अभ्यासक्रमापेक्षा चार महिने जास्त मिळतो, म्हणून आकारणी दीड वर्षाची होते: १,१६४ पाउंड. हे पैसे अर्ज करतानाच जातात. बँकेच्या कर्जात हा आकडा धरलेला नसतो आणि ऐन वेळी धावपळ होते.

लेमानकाठ
वैदेहीताई, लवादाचं काम करायचं असेल तर लॉसानकडेच बघा, पण डोळे उघडे ठेवून. क्रीडा लवाद १९८४ साली सुरू झाला. लवाद म्हणून निवाडा देणाऱ्यांच्या यादीत चारशेहून जास्त नावं आहेत, पण प्रकरणं हाताळणारं कायम कार्यालय त्या मानाने लहान आहे. तिथे थेट नोकरी मिळणं दुर्मीळ. जास्त काम असतं ते लवादासमोर उभं राहणाऱ्या वकिलांच्या कंपन्यांत आणि महासंघांच्या कायदा विभागांत. लवादाच्या भाषा इंग्रजी, फ्रेंच आणि २०२० पासून स्पॅनिश. इंग्रजीवर भागतं, पण जागा एक आणि अर्जदार पन्नास असले की फ्रेंच येणारा पुढे जातो. चौथ्या वर्षालाच फ्रेंच सुरू करायला सांगा, पुण्यात सोय आहे. बी-२ पातळी गाठायला दोन वर्षं सहज लागतात.

परवान्याचं: स्विस विद्यापीठातून पदवी घेतलेल्या बिगर-युरोपीय विद्यार्थ्याला काम शोधायला सहा महिने मिळतात. त्यानंतर नोकरी देणाऱ्याला पटवून द्यावं लागतं की हे काम या व्यक्तीचंच आहे, शिवाय परवान्यांचा कोटा असतो.

नोशातेलच्या सीआयईएस या क्रीडा-अभ्यास केंद्राचा फिफा मास्टर खूप नावाजलेला आहे. लेस्टर, मिलान आणि नोशातेल अशा तीन शहरांत एका वर्षात मानव्यविद्या, व्यवस्थापन आणि कायदा शिकवतात. वर्गात तीसेक जण. पण ते एलएलएम नव्हे. संघटनेत व्यवस्थापनाकडे जायचं असेल तर फार उत्तम, लवादासमोर वकिली करायची असेल तर त्यातला कायद्याचा भाग अपुरा पडतो. माद्रिदच्या आयएसडीईचा क्रीडा कायद्याचा मास्टर वकिलीला जास्त जवळचा आहे. आणि महागडी पदवी घेण्याआधी चव बघायची असेल तर हेगच्या आसेर संस्थेचा क्रीडा कायद्याचा उन्हाळी अभ्यासक्रम करावा.

वैदेही_क
खूप आभार! फ्रेंचचं लगेच मनावर घेतो. एक विचारू का, लवादासमोरच्या वकिलाचं रोजचं काम असतं तरी काय? ती विनेशच्या प्रकरणासारखंच सगळं असेल असं समजून चाललीये.

तांबडीमाती
विनेशचं प्रकरण ऑलिंपिकपुरत्या नेमलेल्या तात्पुरत्या विभागासमोर होतं. १९९६च्या अटलांटापासून तो असतो, फी नसते आणि निकाल शक्यतो २४ तासांत द्यायचा असतो. विनेशच्या वेळी मुदत वाढत गेली आणि १४ ऑगस्ट २०२४ला अर्ज फेटाळला गेला. लोकांना वाटतं, १०० ग्रॅम जास्त वजनासाठी एवढी कठोर शिक्षा देताना लवादाला दया कशी आली नाही. निकालपत्र वाचलं तर दिसतं की नियमाचे परिणाम फार कठोर आहेत हे निकाल देणाऱ्या एकल लवाद ॲनाबेल बेनेट यांनी स्वतः लिहिलंय. पण कुस्तीच्या नियमावलीत दुसऱ्या दिवशीच्या वजनाला सूटच ठेवलेली नाही आणि वजन भरलं नाही तर खेळाडू स्पर्धेतूनच बाहेर आणि शेवटच्या स्थानावर. नियम बदलणं निवाडा देणाऱ्याच्या हातात नसतं. या क्षेत्रात जायचं तर हा फरक समजून घ्यायलाच हवा.

नरसिंग यादवचं प्रकरणही वाचायला लावा. आपला तीन वेळचा महाराष्ट्र केसरी. २०१६ला उत्तेजक चाचणीत तो सापडला, पण नाडाच्या (भारताच्या उत्तेजकविरोधी संस्थेच्या) समितीने अन्नात भेसळ झाल्याचं मान्य करून त्याला सोडलं, वाडाने रिओत तात्पुरत्या विभागाकडे दाद मागितली आणि चार वर्षांची बंदी आली. इथे जिंकलेली बाजू तिथे का टिकली नाही, हे पुरावा म्हणून काय चालतं या अंगाने वाचावं. नुसतं "कुणीतरी मिसळलं असेल" चालत नाही. पदार्थ शरीरात कसा गेला हे जास्त संभाव्य ठरेल इतपत सिद्ध करायची जबाबदारी खेळाडूवर असते.

मडगांवकार
रोजचं काम विचारलंत म्हणून फुटबॉलचं एक उदाहरण देतो, कारण लवादाकडे येणारी बरीच प्रकरणं फुटबॉलचीच.

समजा परदेशी खेळाडूचे भारतीय क्लबने पाच महिन्यांचे पैसे थकवले. खेळाडू फिफाच्या फुटबॉल ट्रिब्युनलकडे जातो, दोन वर्षांच्या आत. निकाल येतो तो बहुधा कारणांशिवाय, फक्त आदेश. कारणं हवी असतील तर १० दिवसांत मागायची. मागितली नाहीत तर निकाल अंतिम आणि अपील करायचा हक्क संपला. कारणं हातात पडली की क्रीडा लवादाकडे अपिलाची नोटीस द्यायला २१ दिवस. ते संपले की सविस्तर अपील दाखल करायला आणखी १० दिवस. तेही चुकलं तर अपील मागे घेतलं असं धरतात. आपल्याकडे विलंब माफीचा अर्ज करून चालतं, त्या सवयीने क्लबचे लोक दहाव्या दिवसाची वाट बघतात आणि प्रकरण हातचं जातं. या क्षेत्रातल्या नव्या वकिलाचं पहिलं काम म्हणजे या तारखा सांभाळणं.

दुसरं काम प्रशिक्षणाच्या मोबदल्याचं. खेळाडू करार संपायच्या आत दुसऱ्या देशातल्या क्लबकडे गेला की बदलीच्या रकमेतले ५ टक्के त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटायचे असतात. १२ ते १५ या चार वर्षांना त्यातले प्रत्येकी ५ टक्के, १६ ते २३ या आठ वर्षांना प्रत्येकी १० टक्के. मुलगा १२ ते १५ गोव्यातल्या एखाद्या क्लबकडे खेळला आणि पुढे भारतीय क्लबकडून दोन लाख युरोला पोर्तुगालला गेला, तर वाटायचे दहा हजार आणि गोव्याच्या क्लबचे दोन हजार युरो. लहान क्लबला ही रक्कम मोठी आहे. पण ती मिळते मुलाची नोंदणी त्या-त्या वर्षी महासंघाच्या प्रणालीत झालेली असली तरच. शिवाय पैसे आता पॅरिसच्या फिफा क्लिअरिंग हाउसमधून जातात आणि तिथे क्लबची कागदपत्रं तपासतात. क्लबच्या नावावर बँक खातं नाही, पदाधिकाऱ्यांची माहिती अर्धवट, असं असलं की रक्कम अडकते. आपल्याकडच्या क्लबांना हे काम नीट करून देणारे फार थोडे आहेत.

पॅव्हेलियन
@मडगांवकार, चर्चिल ब्रदर्सचं पण सांगा की!

मडगांवकार
सांगतो. २०२४-२५च्या आय-लीगचं जेतेपद आपल्या महासंघाच्या अपील समितीच्या निर्णयाने चर्चिलकडे आलं होतं. इंटर काशी लवादाकडे गेलं आणि जुलै २०२५मध्ये लवादाने इंटर काशीला विजेता ठरवलं. गोंयकारांना वाईट वाटलं, पण भारतीय लीगचा विजेता लॉसानला ठरला. अशी कामं वाढत जाणार, तेव्हा शिकून आलेल्यांची गरज आहे. देव बरें करूं.

पॅव्हेलियन
धाग्याच्या तिसऱ्या प्रश्नावर येतो: काम कुठे. बाहेरच राहायचं हा हट्ट सोडला तर मुंबईत काम आहे, पण त्याचा लॉसानशी संबंध कमी. क्रिकेटचे मोठे वाद करार आणि देशी लवादातून मुंबई उच्च न्यायालयात येतात. आयपीएलमधून काढलेल्या कोची टस्कर्सच्या बाजूचे, बीसीसीआयविरुद्धचे ५३८ कोटींहून अधिक रकमेचे निवाडे जून २०२५मध्ये उच्च न्यायालयाने कायम ठेवले. आयपीएलच्याच डेक्कन चार्जर्सचा ४,८०० कोटींचा निवाडा २०२१ला त्याच न्यायालयाने रद्द केला. दोन्हीकडे खरा प्रश्न बँक हमी, नोटिशीची मुदत, करार मोडण्याचं कारण असाच. म्हणून निवाडांचं म्हणणं पटतं: आधी लवाद कायदा पक्का करा.

कल्पित क्रिकेटच्या म्हणजे फॅन्टसी कंपन्यांमध्ये मुंबईत कायद्याची बरीच पदं होती. ऑगस्ट २०२५च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायचे खेळ बंद झाले आणि ती वाट जवळपास मिटली. जुने लेख वाचून त्यावर भिस्त ठेवू नका.

उलट नवी वाट राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा २०२५ची. राष्ट्रीय क्रीडा मंडळ आणि राष्ट्रीय क्रीडा न्यायाधिकरण त्यात आहेत, न्यायाधिकरणाविरुद्ध अपील सर्वोच्च न्यायालयात. संघटनांच्या घटना दुरुस्त करणं, निवडणुका, खेळाडू समित्या, निवडीचे वाद, हे सगळं वकिलांचं काम. २०३०च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला आहेत, म्हणजे यजमान शहराचे करार, प्रायोजकांचे हक्क आणि परवानगीशिवाय जाहिरात करणाऱ्यांना रोखणं, असंही काम येईल.

सायली_डी
एजंट व्हायचं असेल तर? त्याला एलएलएम लागतं का?

मडगांवकार
नाही. फुटबॉलसाठी फिफाची परीक्षा: २० बहुपर्यायी प्रश्न, ६० मिनिटं, ७५ टक्के गुण. नियमावली समोर ठेवून उत्तरं देता येतात, तरी बरेच नापास होतात, कारण एका प्रश्नाला तीन मिनिटं मिळतात आणि नियमावल्या शेकडो पानांच्या. कुठलं कलम कुठे आहे हे तोंडपाठ असावं लागतं. फीच्या मर्यादेवरून युरोपात खटले झाले आणि डिसेंबर २०२३अखेर फिफाने त्या तरतुदी स्थगित केल्या. म्हणून सराव करताना कुठली आवृत्ती परीक्षेला आहे ते आधी बघा.

सायली_डी
धन्यवाद, वाचनखूण साठवली.

लेमानकाठ
निवाडा आणि ट्रेंटकाठ यांच्या वादात माझं मत निवाडांच्या बाजूने, पण कारण वेगळं. इथल्या कंपन्या नवख्याला घेताना विचारतात की तू आमच्याकडे कुठलं काम आणशील. भारतातले क्लब, महासंघ, खेळाडू ओळखीचे असतील तर उत्तर तयार असतं. नुसती पदवी घेऊन आलेली मुलगी फ्रेंच मातृभाषा असलेल्या स्विस विद्यार्थ्याशी त्याच्याच अंगणात स्पर्धा करते.

ट्रेंटकाठ
हे मान्य. मग मधला मार्ग सुचवते: पदवीनंतर एक वर्ष, तेही फक्त लवाद किंवा क्रीडा संघटनांचं काम करणाऱ्यांकडेच. नुसतं दिवाणी कोर्टात तारखा घेण्यात दोन वर्षं गेली तर इथल्या अर्जात त्याचं वजन पडत नाही.

निवाडा
चालेल, एक वर्ष चालेल. फक्त त्यात तिने किमान एका प्रकरणाचं उत्तर स्वतः लिहिलेलं असावं.

आणि एक इशारा. पुढे भारतात प्राध्यापकी करायचा विचार असेल तर परदेशी एका वर्षाच्या एलएलएमला इथे समकक्षता मिळेल का, हे प्रवेशाची फी भरण्याआधी लेखी विचारून घ्यावं.

वैदेही_क
बहिणीने सगळा धागा वाचला. ती विचारतेय, आत्ता चौथ्या वर्षात काय वाचावं, आणि अर्जासोबतच्या निवेदनात काय लिहावं?

लेमानकाठ
लवादाचे बरेचसे निवाडे त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. सुरुवात द्युती चंदच्या २०१५च्या अंतरिम निवाड्याने करावी. एका भारतीय धावपटूच्या अर्जावर टेस्टोस्टेरोनचा जागतिक नियम स्थगित झाला आणि पुरावा कोणी द्यायचा याची चर्चा त्यात फार बारकाईने आहे. मग ब्राझीलचा फुटबॉलपटू मातुझालेम: २००९चा निवाडा करार मोडल्याच्या भरपाईचा, आणि २०१२ला पुढच्या बंदीचा निवाडा स्विस सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक धोरणाच्या कारणावरून रद्द केला. मग चीनचा जलतरणपटू सुन यांग: २०२०च्या सुरुवातीला आठ वर्षांची बंदी, डिसेंबरमध्ये लवादप्रमुखाच्या ट्विटांमुळे निवाडा रद्द, आणि २०२१ला नव्या मंडळाकडून चार वर्षं तीन महिने. एवढं नीट वाचलं तरी लवाद कसा चालतो आणि स्विस न्यायालय नेमकं कधी हात घालतं, हे कळतं. तिथे अपिलाला ३० दिवस असतात आणि २०२१पासून अर्ज इंग्रजीतही चालतो.

फिफाने बदलीच्या नियमांवर काढलेलं भाष्यही फुकट आहे आणि वाडाचे ऑनलाइन धडेही.

ट्रेंटकाठ
निवेदनात "लहानपणापासून खेळाची आवड" हा परिच्छेद नको, तो प्रत्येकाच्या अर्जात असतो. एकच कायदेशीर प्रश्न घ्यावा आणि दीड पानात मांडावा. उदाहरणार्थ, राष्ट्रीय क्रीडा न्यायाधिकरणाचा निकाल आणि महासंघाच्या घटनेतलं क्रीडा लवादाचं कलम एकमेकांना छेद देतील तेव्हा काय. हे तिला भारतातून लिहिता येतं आणि इंग्लंडमधल्या अर्जदाराला येत नाही. त्यासाठी कायद्याचं मूळ राजपत्र वाचावं, बातम्यांवर विसंबू नये.

शिफारसपत्र दोन प्राध्यापकांकडून मागतात बहुतेक विद्यापीठं, आणि मागणीची मेल थेट त्यांच्या संस्थेच्या पत्त्यावर जाते. सरांना जीमेलचा पत्ता देऊ देऊ नका, बऱ्याच ठिकाणी तो चालत नाही. आणि स्पॅममध्ये बघायला आठवण करा.